सादळलेलं कात्रण

कागदाचं कात्रण मुठीत घट्ट दाबायचं आणि सोडायचं. कोरडं असेल तर कुरकुरतं, पुन्हा फुलतं. सादळलं असेल तर आवाज नाही, मुठीतला गोळा गोळाच राहतो. रत्नागिरीकडच्या एका शेडमध्ये खोक्यात कात्रण घालून हापूस भरणाऱ्या बायका अशीच पारख करतात. मे सरत आलेला, वळवाची सर येऊन गेलेली. जमिनीवरचं पोतं बाजूला सारून त्या माळ्यावरचं मागवतात.

कागद भिजलेला नसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाण्याचा थेंबही लागलेला नसतो. सेल्युलोजचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि हवेतलं बाष्प नेमकं त्या बंधांत शिरतं. तंतू फुगतात, मऊ पडतात. प्रयोगशाळेत कागद तपासतात तो साधारणपणे २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली, की पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याची दाब सोसण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातली हवा यापासून फार लांब नसते. शिवाय आंबा स्वतःही बाष्प सोडत असतो. खोक्याला भोकं असतात ती त्यासाठीही.

धक्का बसला की कात्रणाच्या घड्या चेपतात आणि त्या चेपण्यात धक्क्याचा जोर जिरतो. फळ एकदम थांबत नाही, थोडं सरकून थांबतं. हे थोडंसं अंतर म्हणजेच सगळं संरक्षण. सादळलेलं कात्रण ते आधीच गमावून बसतं: गाडी निघण्यापूर्वीच आंब्याच्या नुसत्या वजनानं चपटं होतं. मग वाशीच्या बाजारापर्यंतचा प्रत्येक खड्डा थेट सालीला लागतो. डाग मात्र दोन दिवसांनी, फळ पिकताना उमटतो आणि बोल लागतो हमालाला. हा मला अन्याय वाटतो.

रात्री ओल, दुपारी ऊन हा फेरा तर अधिकच वाईट. थप्पीतलं खालचं खोकं प्रत्येक फेऱ्यात आणखी थोडं बसतं.

सादळलेलं कात्रण उन्हात टाकलं की पाणी उडतं, पण दबलेल्या घड्या उठत नाहीत. म्हणून काळजी आधीच घ्यावी लागते: पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, तोंडं बांधलेली, आणि धुतलेला आंबा पुरता सुकल्याशिवाय खोक्यात नाही.