अखंड पुनर्वादन आणि विश्वसनीय संपादन : संगीतनिर्मितीच्या संगणक-आज्ञावलींचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ध्वनिमुद्रण हे संगीताच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन होऊन आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. फ्रेड गैसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान हिचे गायन मुद्रित केले, त्या काळी मेणाच्या तबकडीवर एकदा उमटलेली रेघ पुन्हा बदलता येत नसे. गायनात चूक झाली तर ती तबकडी टाकून देऊन नवी घेणे एवढाच उपाय होता. पुढे चुंबकीय फीत आली आणि तिच्याबरोबर पाते व चिकटपट्टी आली. मुद्रण कापून जोडणे शक्य झाले. संगणकाने हे कापणे-जोडणे इतके सुलभ केले आहे की, आज प्रसिद्ध होणाऱ्या एखाद्या मुद्रणात किती सांधे आहेत हे केवळ कानाने सांगणे बहुधा अशक्य होय.

अशा स्थितीत अभ्यासकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. संगणकात जे साठविले आहे तेच, तितकेच आणि त्याच वेळी ऐकू येते काय, हा पहिला प्रश्न. संपादन झाल्यानंतरही मूळ मुद्रण जसेच्या तसे हाती राहते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न पुनर्वादनाचा, तर दुसरा संपादनाचा आहे. या दोहोंची उत्तरे आज्ञावलीच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असल्यामुळे त्या रचनेचा परिचय प्रथम करून घेणे आवश्यक आहे.

२. वेळेचे बंधन

संगणकाच्या दृष्टीने ध्वनी म्हणजे संख्यांची एक रांग होय. ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतराने मोजून प्रत्येक मोजणीची एक संख्या नोंदविली जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदास ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. स्टुडिओतील कामात ४८,००० नमुन्यांचे प्रमाण विशेष रूढ आहे. या दुसऱ्या प्रमाणानुसार दोन नमुन्यांतील अंतर सुमारे २१ मायक्रोसेकंद भरते. वाजविताना हे नमुने त्याच अंतराने, एकही न गाळता, परिवर्तकाकडे पोहोचले पाहिजेत.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मॅक्स मॅथ्यूज याने १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या वतीने आयबीएम ७०४ या संगणकाकडून संगीत घडविले, तेव्हा गणित आधी पुरे होई, त्याचे फळ फितीवर उतरविले जाई आणि ती फीत नंतर परिवर्तकाद्वारे वाजविली जाई. गणितास कितीही वेळ लागला तरी बिघडत नसे. आजच्या आज्ञावलीस ही सवलत नाही. वाचणे, अनेक मार्गिकांचे मिश्रण करणे, त्यांवर प्रतिध्वनी आदि संस्कार करणे ही सर्व कामे ध्वनी ऐकू येत असतानाच उरकावी लागतात. उशिरा आलेले बरोबर उत्तर हे येथे चुकीच्या उत्तराइतकेच निरुपयोगी ठरते; त्याच्या जागी श्रोत्यास खटका किंवा क्षणभर शांतता ऐकू येते.

३. बफरचे कार्य

मोटेवर भिजणाऱ्या मळ्यात पाणी विहिरीतून थांबून थांबून वर येई, तरी पाट अखंड वाहत असे. कारण मोटेचे पाणी आधी थारोळ्यात पडे. संगणकातील बफर हे असेच एक थारोळे होय. प्रक्रियक एका वेळी काही नमुन्यांचा गट तयार करून त्यात ठेवतो आणि परिवर्तक त्यातून एकसारख्या गतीने नमुने उचलतो. एक गट वाजत असतो तोवर पुढचा गट तयार झाला पाहिजे, एवढीच अट असते.

गट २५६ नमुन्यांचा असेल तर ४८,००० च्या प्रमाणाने प्रक्रियकास ५.३ मिलिसेकंद मिळतात. १,०२४ नमुन्यांचा असेल तर २१.३ मिलिसेकंद मिळतात. गट जितका मोठा तितका खंड पडण्याचा संभव कमी. परंतु तितकाच विलंब अधिक. केवळ ऐकणाऱ्यास या विलंबाचा त्रास नाही. मात्र गायक कानास श्रवणयंत्र लावून स्वतःचाच आवाज संगणकातून ऐकत असेल, तर आवाज आत जाताना एक गट व बाहेर येताना एक गट असा किमान दुहेरी विलंब होतो. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २५६ च्या गटाने होणारा सुमारे १०.७ मिलिसेकंदांचा विलंब साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराइतका होतो व तो बहुधा सोसतो. १,०२४ च्या गटाने हेच अंतर चौदा मीटरांवर जाते आणि लय सांभाळणे कठीण होऊन बसते. यास्तव मुद्रणाच्या वेळी लहान गट आणि मिश्रणाच्या वेळी मोठा गट, हा व्यवहारातील संकेत पडला आहे.

येथे सरासरी वेगाचे महत्त्व फारसे नाही. हजार वेळा काम तीन मिलिसेकंदांत झाले आणि एकदाच सहा लागले, तर त्या एकदाच खटका ऐकू येतो. म्हणून ध्वनी सिद्ध करणाऱ्या भागाने तबकडीवरून वाचन करू नये, नवी स्मृती मागू नये आणि दुसऱ्या कामाच्या कुलुपावर थांबून राहू नये, हे अशा आज्ञावलींच्या रचनेचे मूलभूत नियम मानले जातात. तिसऱ्या नियमाचे मर्म ध्वनीच्या क्षेत्राबाहेरील एका प्रसिद्ध घटनेवरून समजते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. कारण महत्त्वाचे काम एका गौण कामाने धरलेल्या कुलुपापाशी अडे व मधल्या दर्जाचे तिसरेच काम त्या गौण कामास पुढे सरकू देत नसे. ध्वनीच्या आज्ञावलीत हीच अडचण एखादे चित्र पडद्यावर रेखाटले जात असताना आवाज अडखळणे, या रूपाने प्रकट होते.

४. साठ्यातून वाचन

अनेक मार्गिका एकाच वेळी वाजवावयाच्या असतील तर आणखी एक थारोळे लागते. २४ बिटांचा एक नमुना ३ बाइट व्यापतो. तेव्हा एका मार्गिकेस दर सेकंदास १,४४,००० बाइट आणि ४८ मार्गिकांस सुमारे ६९ लाख बाइट लागतात. फिरत्या चुंबकीय तबकडीस हा भार मुळीच जड नाही. जड जाते ते वाचनशीर्ष एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. त्यास प्रत्येक वेळी सुमारे १० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर ४८ मार्गिकांच्या एका फेरीत ४८० मिलिसेकंद केवळ प्रवासातच जातात. अशा स्थितीत प्रत्येक मार्गिकेचा पाव सेकंदाचाच मजकूर एका वेळी वाचला तर तबकडी कितीही धावली तरी मागेच पडेल. एक सेकंदाचा वाचला तर तीच तबकडी हे काम सहज करील. वाचनाचा तुकडा मोठा घेणे, एवढ्याच बदलाने अशक्य ते शक्य होते. शीर्ष नसलेल्या अलीकडील घनस्थिती साठ्यात ही अडचण पुष्कळच सौम्य झाली आहे. आगाऊ वाचून ठेवण्याचे तत्त्व मात्र कायम आहे.

मार्गिकांतील परस्पर मेळ हाही पुनर्वादनाच्या विश्वसनीयतेचाच भाग होय. काही संस्कारांना पुढचा ध्वनी आधी पाहावा लागतो, त्यामुळे ती मार्गिका मागे पडते. आज्ञावलीने इतर मार्गिकांना तितकाच विलंब देऊन भरपाई करावी लागते. ती न झाल्यास परिणाम कानास जाणवतो. एकच ध्वनी एका मिलिसेकंदाच्या फरकाने स्वतःतच मिसळला, तर ५००, १,५००, २,५०० हर्ट्‌झ अशा कंप्रता परस्परांस मारून टाकतात आणि आवाज पोकळ होतो. तसेच दोन स्वतंत्र यंत्रांनी एकच मैफल मुद्रित केली व त्यांच्या घड्याळांत दशलक्षास ५० भागांचा फरक असला, तर तासाभरात ती १८० मिलिसेकंदांनी विलग होतात. अशा वेळी आरंभ जुळविला म्हणजे सर्व जुळले, असे समजणे चुकीचे ठरते.

५. न कापता कापणे

पाव इंची फीत सेकंदास १५ इंच वेगाने धावत असता एका मिलिसेकंदाचा ध्वनी ०.३८ मिलिमीटर जागा व्यापी. संपादक ती हाताने पुढे-मागे फिरवून जागा शोधी आणि तिरपा छेद घेई. छेद ४५ अंशांचा असल्यास एक ध्वनी मावळून दुसरा उगवण्यास सुमारे १७ मिलिसेकंद मिळत. मात्र कापलेली मूळ फीत ही कापलेलीच राही.

संगणकीय संपादनाने मोठा पालट घडविला तो येथे. टॉमस स्टॉकहॅम याने १९७५ मध्ये स्थापिलेल्या साउंडस्ट्रीम या संस्थेने संगणकाद्वारे संपादनाचा पाया घातला. १९८९ चे साउंड टूल्स व १९९१ चे प्रो टूल्स यांनी ते तंत्र वैयक्तिक संगणकावर आणले. या पद्धतीत ध्वनीस हात न लावता केवळ एक यादी लिहिली जाते : अमुक मुद्रणातील अमुक नमुन्यापासून अमुक नमुन्यापर्यंतचा भाग अमुक वेळी वाजवावा. दोन मार्गिकांचे तासाभराचे मुद्रण सुमारे १०४ कोटी बाइट व्यापते. त्याच्या आरंभीचा एक सेकंद प्रत्यक्ष काढावयाचा तर उरलेले सर्व पुढे सरकवावे लागेल. यादीत मात्र एक-दोन आकडे बदलले की काम झाले. कृती मागे घेणे म्हणजे जुने आकडे परत लिहिणे होय.

सर्वच आज्ञावली एका साच्याच्या नाहीत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली ऑडॅसिटी ही मुक्त आज्ञावली ध्वनी लहान ठोकळ्यांत साठविते व बदल झालेला ठोकळाच तेवढा नव्याने लिहिते. २०२१ पूर्वी हे ठोकळे स्वतंत्र फायलींत विखुरलेले असत आणि त्यांतील एखादी हरवली की प्रकल्पात भोक पडे; त्या वर्षीच्या ३.० आवृत्तीपासून सर्व एकाच फायलीत ठेवले जाऊ लागले. साठवणीच्या रचनेवर संपादनाची विश्वसनीयता किती अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सांध्याच्या जागी दोन्ही बाजूंच्या नमुन्यांची उंची जुळली नाही तर खटका ऐकू येतो. म्हणून एक ध्वनी उतरवीत दुसरा चढविला जातो. येथेही नियम एकच नाही. परस्परांशी संबंध नसलेले दोन ध्वनी मध्यावर निम्मे निम्मे घेतले तर एकूण शक्ती निम्मी होऊन तेथे खळगा पडतो, प्रत्येक ०.७०७ पट घेतल्यास शक्ती कायम राहते. उलट दोन्ही बाजूंस तोच ध्वनी असेल तर ०.७०७ च्या नियमाने तेथे उंचवटा येतो आणि निम्म्याचा नियमच योग्य ठरतो.

६. तंबोऱ्याची साक्ष

हिंदुस्थानी संगीताच्या मुद्रणात या सर्वांची कसोटी लागते. आलापातील एखादी खंडित जागा काढून टाकली, तर गायकाच्या आवाजातील सांधा विरामात लपविता येतो. पण मागे तंबोरा चालूच असतो. पंचम, जोड व खर्ज या तारांचा क्रम ठरलेला असतो आणि एका तारेचा नाद मावळण्यापूर्वी दुसरी छेडली जाते. छेद घेताना हा क्रम राखला नाही तर खर्जानंतर पुन्हा खर्ज येतो किंवा मावळता नाद मध्येच तुटतो. म्हणून जाणता संपादक गळ्याबरोबरच तंबोऱ्याचे आवर्तनही पाहून कापतो. आणि चिकित्सक अभ्यासक संशयित मुद्रणात सांधे शोधावयाचे असल्यास प्रथम तंबोऱ्याकडेच कान देतो.

लयीचा प्रश्न याहून गंभीर आहे. बहुतेक आज्ञावली समान मात्रांची एक चौकट पुढे ठेवतात आणि आघात जवळच्या रेषेवर सरकविण्याची सोय देतात. नृत्यसंगीतास ती उपकारक आहे. परंतु ख्यालाच्या मैफलीत लय हळूहळू चढते, सम येण्यापूर्वी किंचित ताणली जाते. हे चढणे व ताणणे हाच तेथे अभ्यासाचा विषय असतो. असे मुद्रण चौकटीवर बसविले, अथवा त्यातील दोन आवर्तने वगळली, तर लयीचे मोजमाप करणारा विद्यार्थी गायकाची लय न मोजता संपादकाची लय मोजीत बसेल. त्याचे गणित निर्दोष असेल, निष्कर्ष मात्र चुकीचा असेल.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, विश्वसनीयता हा आज्ञावलीच्या एखाद्या सोयीचा गुण नसून तिच्या रचनेचा आणि वापरणाऱ्याच्या शिस्तीचा संयुक्त परिणाम आहे. कापूनही मूळ अबाधित राखण्याची शक्ती यंत्राने दिली आहे. परंतु अंतिम मिश्रण तेवढे जपून मूळ फायली पुसून टाकल्या, तर ती शक्ती व्यर्थ जाते. उलट केवळ प्रकल्पाची फाइल जपली तर काही वर्षांनी ती उघडणारी आज्ञावली वा तिच्यातील संस्कार उपलब्ध असतीलच, याची शाश्वती नाही. म्हणून संशोधनासाठी केलेल्या मुद्रणात तीन गोष्टी निरनिराळ्या जपल्या पाहिजेत : असंस्कारित मूळ ध्वनी, संपादनाची वाचता येईल अशी यादी, आणि अंतिम फळ. मूळ ध्वनीविषयी ध्वनी व दृक्श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८,००० नमुने व २४ बिट हे प्रमाण सुचविले आहे.

या तिन्ही गोष्टी सोबत असतील तरच मुद्रणात काय गायले गेले आणि काय घडविले गेले, हे पुढील अभ्यासकास वेगळे करून पाहता येईल. त्यांच्या अभावी उत्तम संपादित मुद्रण हे श्रवणास आनंददायक असले, तरी पुरावा म्हणून त्याचे मोल संशयास्पदच राहील.