तापलेला टायर खरं सांगत नाही

मे महिना लागला, की गाड्या गावाकडे निघतात. टपावर बॅगा, मुलांच्या मांडीवर खाऊच्या पिशव्या. तासाभरात मागच्या सीटवरून आजीचा आवाज येतो, ‘‘आज गाडी भारीच आदळते रे!’’ नातू रस्त्याला दोष देतो. रस्ता तर नवा कोरा असतो! खरं सांगायचं तर उन्हाळ्यात गाडीची चालच बदलते.

मी मेकॅनिक नव्हे. निम्मं आयुष्य बँकेत गेलं, उरलेलं कादंबऱ्यांत. पण विदर्भात नोकरीला असताना पीककर्जांच्या पाहणीसाठी भर उन्हात जीपने पुष्कळ हिंडलो. आमचा चालक रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधीच हवा मोजायचा. कारण विचारलं, तर म्हणाला, ‘‘टायरले सकायीच इचारा साहेब. दुपारी थो तापेल असते, खरं नाही सांगत.’’

या वाक्यात अख्खं पदार्थविज्ञान आहे. हवा तापली, की दाब वाढतो. २५ अंशांना ३० पौंड भरलेली हवा ४५ अंशांना जवळपास ३३ पौंड होते. त्यातून डांबर हवेहूनही तापलेलं आणि धावताना टायर सतत दबत असल्यामुळे स्वतःही तापणारा. दाब आणखी चढतो. असा ताठरलेला टायर रस्त्यावरची बारीक खाचही पोटात घालत नाही, थेट आपल्या पाठीपर्यंत पोचवतो.

दुसरा भाग शॉक ॲब्सॉर्बरचा. स्प्रिंग धक्का झेलते, पण नंतर झुलत राहते. ते झुलणं आवरायचं काम याचं. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणजे खडबडीत रस्त्यावर तो आपल्याच कामाने तापतो. तापलेलं तेल पातळ होतं, छिद्रांतून सहज निसटतं, आणि खड्ड्यानंतर गाडी एकाऐवजी दोन-तीन हेलकावे घेते. धडधाकट शॉक ॲब्सॉर्बर हे निभावून नेतो. झिजलेल्याचं पितळ उन्हात उघडं पडतं. सांध्यांमधले रबरी बुशही वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. पोलादी स्प्रिंगला मात्र आपल्या उन्हाचं काही वाटत नाही.

इथवर प्रश्न आरामाचा. पुढे तो जिवाचा होतो. गाडी आदळते म्हणून, किंवा टायर फुटेल या भीतीने, कित्येकजण वाटेतच तापल्या टायरची हवा काढतात. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर दिवसभराच्या जमेला शिल्लक समजून उचल करण्यासारखंच हे! ३५ पौंडांवर चढलेली हवा ३० वर आणली, तर सकाळी थंड टायरमध्ये २५-२६च उरते. हवा कमी, की टायरच्या कडा जास्त दबतात, जास्त तापतात. आणि जो टायर वाचवायचा, तोच फुटण्याच्या वाटेला लागतो.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सरळ, काँक्रीटचा, वेगाचा मोह पाडणारा रस्ता. तिथे तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या टायरला निवायला उसंत नसते. म्हणून निघण्याआधीच हवा बघावी, ती टायर थंड असताना. किती भरायची, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान भरपूर असेल, तर त्याचा आकडाही बहुधा वेगळा दिलेला असतो. टायरच्या कडेला भेगा दिसतात का, शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का, हेही बघावं. वाटेत दर दोन तासांनी सावलीत थांबावं. टायर निवतात, पाठ मोकळी होते आणि पन्हंही पिऊन होतं.

बाकी, थोडं आदळणं सोसावं. दुपारी ताठलेली गाडी संध्याकाळी आपसूक नरमते. पंधरा मिनिटांच्या सुखासाठी काढलेली हवा मात्र आपोआप परत येत नाही.