पाहुणे खेळाडू आणि गावचा प्रेक्षक

कुस्तीच्या आखाड्यात दोघेच उतरतात, पण फड काही त्या दोघांचा नसतो. तो भोवती दाटीवाटीने बसलेल्या माणसांचा असतो. परगावचा मल्ल येतो, घरच्या गड्याला आसमान दाखवतो, आणि त्या क्षणी गावकरी काय करतात यावर गावाचे नाव ठरते. कुणी फेटा उडवून पाहुण्याला शाबासकी देतो, कुणी दगड उचलतो. पुढे वर्षानुवर्षे पंचक्रोशीत बोलले जाते ते कुस्तीबद्दल थोडे आणि गावाबद्दल फार.

हेच माप एखाद्या मोठ्या शहराला लावले तर काय दिसेल? नुसते शहर नव्हे, तर जगभरचे विद्यार्थी जिथे खेळायला उतरतात असे शहर. आज आपण त्याचाच विचार करू.

ऑलिंपिकचे नाव आता वाडीवस्तीवरही ठाऊक आहे. पण विद्यार्थ्यांचे म्हणून एक वेगळे जागतिक सामने भरतात, हे पुष्कळांच्या कानावर नसते. ‘युनिव्हर्सिएड’ असे त्यांचे जुने नाव. आता त्यांना जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा म्हणतात. 1949 साली विद्यापीठीय खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1959 साली इटलीतील तुरीन शहरात पहिले सामने भरले. त्या वेळी बक्षीससमारंभात विजेत्याच्या देशाचे राष्ट्रगीत न वाजवता सर्वांसाठी एकच जुने लॅटिन विद्यार्थीगीत वाजवले गेले. यामागचा विचार सरळ होता. इथे जिंकतो तो आधी विद्यार्थी, मग अमुक देशाचा. साधारणपणे दर दोन वर्षांनी हे सामने नव्या गावी जातात. खेळणारा महाविद्यालयात शिकत असला पाहिजे, नाहीतर नुकताच शिकून बाहेर पडलेला असला पाहिजे.

आता अडचण अशी की, ज्यांची छायाचित्रे घरोघरी लागतात असे खेळाडू इथे थोडेच येतात. पुष्कळसे अजून नाव व्हायचे असलेले. मग शहरातल्या दुकानदाराने, कारकुनाने, गृहिणीने पदरचे पैसे खर्चून तिकीट का काढावे? यजमान शहरापुढे हा प्रश्न दरवेळी उभा राहतो. 2017 साली तो तैवान बेटावरच्या तैपेई शहरापुढे उभा राहिला. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

तैपेईला यजमानपद मिळाले ते 2011 साली. तयारीला सहा वर्षे मिळाली. पण सामने तोंडावर आले तरी लोकांत उत्साह म्हणून दिसेना. तिकिटे खपत नव्हती, उलट खर्चाबद्दल कुरकूर ऐकू येई. तेव्हा नगरपालिकेने एक युक्ती केली. शहरातल्या मेट्रो आगगाडीच्या डब्यांच्या जमिनीवर खेळांची मैदाने चितारली. एका डब्यात धावण्याची पट्टी, दुसऱ्यात हिरवे मैदान, आणि एकात तर पोहण्याचा तलाव. तोही इतका हुबेहूब की पाय टाकताना माणूस क्षणभर थबकावा. छातीवर पांढरी खूण असलेले तिथले काळे अस्वल हे सामन्यांचे बोधचिन्ह झाले आणि पोरे त्याच्याभोवती जमू लागली. लोक हसू लागले, बोलू लागले. खेळाचे वारे असे आधी घरात शिरावे लागते, मग माणूस मैदानाकडे वळतो.

लोकांच्या मनात आणखी एक सल होता. तैवानच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय सामन्यांत आपल्या नावाने उतरता येत नाही. चीनच्या हरकतीमुळे 1981 साली जो करार झाला, त्याप्रमाणे त्यांना ‘चायनीज तैपेई’ या नावाने आणि वेगळ्या ध्वजाखाली खेळावे लागते. परदेशी असताना हे कसेबसे गिळता येते. पण इथे सामने स्वतःच्या अंगणात! वार्ताहरांना वाटलेल्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत बेटाचे वर्णन करतानासुद्धा तैवान हा शब्द काढून ‘चायनीज तैपेई’ घातला गेला. त्यामुळे ‘चायनीज तैपेई हे लांबट आणि अरुंद बेट आहे’ अशा अर्थाचे वाक्य छापले गेले. शहराचे नाव बेटाला चिकटले! लोक त्यावर हसले, पण त्या हसण्याखाली दुखणे होते. पाहुण्यांचे स्वागत करायचे, पण दारावर स्वतःचे नाव लावायचे नाही, अशी ही गत.

अशा मनःस्थितीत 19 ऑगस्ट 2017 ची संध्याकाळ उजाडली. स्टेडियम भरले होते. एकेका देशाचे पथक आत येऊ लागले आणि मध्येच ही मिरवणूक थांबली. सरकार निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल करीत होते, आणि त्याविरुद्ध चिडलेल्या निदर्शकांनी बाहेर वाट अडवली होती. धुराचे लोट उठले. खेळाडूंना आत सोडणे धोक्याचे ठरले. मग काही वेळ देशादेशांचे नुसते ध्वजच मैदानात येत राहिले. मागे खेळाडू नाहीत. कल्पना करा, आपल्या घरी लग्न आहे, वऱ्हाड वेशीवर अडकले आहे आणि आपण मांडवात बसून आहोत!

उशिराने का होईना, वाट मोकळी झाली आणि ताटकळलेले खेळाडू आत आले. तेव्हा प्रेक्षकांनी जो जयघोष केला, त्यात अर्धे स्वागत होते आणि अर्धी भरपाई. महापौरांनी दुसरीकडे निदर्शकांना भर सभेत अपशब्द ऐकवला, त्याची चर्चा झाली ती वेगळीच. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या रात्रीनंतर तिकिटांची विक्री झपाट्याने वाढली. जे शहर सामन्यांकडे पाठ फिरवून बसले होते, ते मैदानाकडे निघाले. ‘आपल्या दारात पाहुण्यांचा अपमान झाला, आता आपणच तो भरून काढला पाहिजे’ ही भावना जाहिरातीने निर्माण होत नाही. ती लाजेतून येते. आणि लाज वाटायला आधी ते घर आपले वाटावे लागते.

मग खेळांनीही त्यांना भरभरून दिले. कुओ शिंग-चुन या मुलीने 58 किलो गटात 142 किलो वजन डोक्यावर उचलून जागतिक विक्रम केला. 26 ऑगस्टला भालाफेक होती. शेवटच्या फेरीत जर्मनीच्या हॉफमनने 91.07 मीटर फेक केली आणि सुवर्णपदक जवळजवळ खिशात घातले. घरच्या चेंग चाओ-त्सुनची एकच फेक उरली होती. त्याने भाला टाकला तो 91.36 मीटरवर. 90 मीटर ओलांडणारा तो पहिला आशियाई! हा आशियाई विक्रम पुढे 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 92.97 मीटर फेकून मोडला. पण त्या रात्री स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला तिकीट का काढले, असे कुणी विचारायची गरज उरली नाही. शेवटी यजमानांनी 26 सुवर्ण, 34 रौप्य आणि 30 कांस्य अशी 90 पदके मिळवली आणि 31 ऑगस्टला शहराने आपल्या खेळाडूंची मिरवणूक काढली.

पण वाचकहो, घरच्या पोराला टाळ्या कोण देत नाही? प्रेक्षकाची परीक्षा असते ती परक्याच्या वेळी. याच सामन्यांत महिलांच्या दहा हजार मीटर शर्यतीत आपल्या नाशिक जिल्ह्याची संजीवनी जाधव धावली. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या असतात त्या. तिने 33 मिनिटे 22 सेकंदांत त्या पुऱ्या केल्या आणि भारताला रौप्यपदक मिळवून दिले. तिथल्या प्रेक्षकाला नाशिक कुठे आहे हे ठाऊक असायचे काही कारण नाही. अशा पोरीच्या विसाव्या फेरीला, जेव्हा छाती भरून येते आणि पाय जड होतात, तेव्हा ओळखपाळख नसलेल्या माणसाने टाळी वाजवावी, यापरते पाहुणचाराचे दुसरे रूप कोणते? यजमान होणे याचा अर्थच हा की, ज्याचे इथे कुणी नाही त्याचे आपण व्हायचे.

आता दुसऱ्या एका गावाची कथा थोडक्यात सांगतो. दक्षिण कोरियातील देगू शहरात 2003 च्या ऑगस्टमध्ये हेच सामने झाले. त्याआधी सहाच महिने, 18 फेब्रुवारीला, तिथल्या भुयारी रेल्वेत आग लावली गेली आणि 192 माणसे प्राणांस मुकली. अशा दुःखातल्या शहराने पाहुण्यांसाठी दारे उघडली. आणि पाहुणे कोण? त्यांत उत्तर कोरियाचे पथकही होते. एका देशाचे दोन तुकडे होऊन युद्ध झाले आणि ते अजून तहाने संपलेले नाही, असा तो शेजारी. खेळाडूंबरोबर टाळ्या-गाण्यांनी उत्तेजन देणाऱ्या तरुण मुलींचा ताफाही आला. लोकांची त्यांना पाहायला झुंबड उडे.

एके दिवशी धनुर्विद्येचे सामने पाहून या मुली येचॉन नावाच्या भागातून परतत होत्या. रस्त्याकडेला स्थानिक लोकांनी मोठ्या हौसेने स्वागताचा फलक लावला होता. त्यावर दोन्ही कोरियांच्या प्रमुखांचे 2000 सालच्या भेटीतील हस्तांदोलनाचे छायाचित्र होते. पाऊस पडत होता. मुलींनी ते पाहिले, गाड्या थांबवल्या, धावत जाऊन फलक उतरवला, आणि त्या रडू लागल्या. आपल्या नेत्याचे चित्र असे पावसात भिजते आहे, हा त्यांना अपमान वाटला. लावणारे बिचारे थक्क! त्यांनी तो मायेपोटी लावला होता. इथे कुणाचीच नियत खोटी नव्हती. पण स्वागत म्हणजे केवळ आपल्याला आवडते ते करणे नव्हे. पाहुण्याच्या घरी काय पवित्र मानतात, हेही विचारून घ्यावे लागते. पंक्तीत वाढण्यापूर्वी आपण ‘तुम्हांला हे चालते ना?’ असे विचारतोच की नाही?

आपल्याकडेही असा प्रसंग येऊन गेला आहे. 2008 साली पुण्याजवळ बालेवाडीला राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धा झाल्या. त्या विद्यार्थ्यांच्या म्हणून नव्हत्या, आणि खेळणारी मुलेही वयाने थोडी लहान होती. जागतिक विद्यापीठ सामने मात्र भारतात अद्याप भरलेले नाहीत. कधीकाळी ते येतील, तेव्हा स्टेडियम बांधायला वास्तुतज्ज्ञ मिळतील. प्रेक्षक कोण घडवणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमच्या हातचे आहे, आणि त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. तालुक्याचे शालेय सामने तुमच्या शाळेत होतात तेव्हा खेळणाऱ्या पंधरा-वीस मुलांची तयारी आपण करतो. पाहणारी चारशे मुले मात्र नुसती सतरंजीवर बसवतो. त्यांचीही तयारी करून पाहा. प्रत्येक वर्गाला एकेक पाहुणी शाळा वाटून द्या. मुलांनी त्या गावाची माहिती काढावी, तिथल्या खेळाडूंची नावे पाठ करावीत, त्यांना पाणी द्यावे आणि त्यांच्या नावाने ओरडावे. शेवटच्या नंबराने धावणारा रेषा ओलांडेपर्यंत कुणीही जागचे उठू नये, एवढा एकच नियम करा. आणि खो-खोत आपली शाळा हरली, तर पहिली टाळी मुख्याध्यापकांची पडू द्या. मुले तेवढे बरोबर पाहतात.

तैपेईचे लोक काही आपल्याहून वेगळे नव्हते. तेही आधी कुरकुरले, तिकिटे घेईनात, आपसांत भांडले. पण पाहुणे वेशीवर अडकले हे पाहिल्यावर त्यांना ते सामने आपले वाटू लागले. पदके त्या-त्या खेळाडूंबरोबर त्यांच्या देशी निघून जातात. मागे यजमान गावाकडे राहते ती फक्त एक गोष्ट: पाहुणा घरी जाऊन आपल्याविषयी काय सांगेल ती.