लसीची गाठ परवडली, लाळ-खुरकूत नको!

सभासद बंधूंनो, गळिताला गावोगावचे बैल गाडीतळावर एकत्र येतात अन् लाळ-खुरकुताचं फावतं. तरी ‘लसीनं गाठ येते, दूध आटतं’ म्हणून काहीजण लस टाळतात. थोडी गाठ, एक-दोन दिवस दूध कमी, हे अंगात प्रतिकारशक्ती जागी होताना चालायचंच. ते आपोआप ओसरतं. क्वचित एखाद्या जनावराला मात्र लस सोसत नाही. बहुधा तासाभरातच पापण्या-तोंड सुजतं, धाप लागते. डॉक्टरांनी लगेच ॲड्रिनॅलिन टोचलं तर जनावर वाचू शकतं. म्हणून टोचल्याबरोबर रानात नेऊ नका. तासभर नजरेसमोर बांधा. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, अन् ती साधारण ६ महिने टिकते. तेव्हा मोळी पडण्याआधी महिनाभर लस टोचून घ्यावी, ही विनंती.