तान्हें मूल वरचें दूध नाकारतें तेव्हां

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथें राहून नोकरीसाठीं सकाळची लोकल गांठणाऱ्या मातेची प्रसूतीची रजा संपत आली, कीं तिला एक चिंता घेरते. मूल अंगावर चांगलें पितें. परंतु डब्यांतील पावडरीचें दूध ओठांस लागतांच मान फिरवितें. घरच्या मंडळींना हा हट्ट वाटतो. वस्तुतः तो अपरिचय होय. पावडरीची चव निराळी, बाटलीचें बूच निराळें आणि पाजणारा हातही निराळा. इतक्या नव्या गोष्टी एकदम पुढें आल्या म्हणजे मूल बिचकणारच.

म्हणून श्रोतेहो, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. रजा संपण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे आईनें हात धुऊन स्वतःचें दूध काढावें, आणि आजीनें किंवा वडिलांनीं तें वाटी-चमच्यानें अथवा आपल्या जुन्या बोंडल्यानें पाजावें. आई जवळ असली तर मूल तिलाच शोधतें. खोली एकच असल्यास तिनें तेवढा वेळ जिन्यापर्यंत जावें. भूक अनावर होण्यापूर्वींच मुलास मांडीवर उंच धरून प्रयत्न करावा. नाकारल्यास थांबावें. बळजबरीनें ओतलेलें दूध श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें.

काढलेल्या दुधाचें मोल या शहरास नवें नाहीं. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं भारतांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. घरीं काढलेलें दूध बाहेर चार तासांहून अधिक ठेवूं नये, उन्हाळ्यांत त्याहूनही कमी. फ्रिजमध्यें ठेवलेलें दिवसाच्या आंत वापरावें.

२०१७ च्या दुरुस्तीनें दहा किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थांत पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तोंवर मूल मऊ वरणभातास योग्य होतें, आणि पावडरीची गरज पुष्कळदां उरतही नाहीं. परंतु घरकाम करणाऱ्या मातेस ही सवलत कोठून? तिला डॉक्टरांनीं पावडर सुचविल्यास डब्यावरील मापानेंच दूध करावें. बचतीसाठीं पातळ केल्यास मुलाचें पोषण होत नाहीं. गोडीसाठीं मध घालूं नये. वर्षाच्या आंत तो धोक्याचा असतो.

मूल दिवसांतून सहापेक्षां कमी वेळां लघवी करूं लागलें, सुस्त पडलें, किंवा अंगावरचें दूधही घेईनासें झालें, तर मात्र युक्त्या करीत बसूं नये. त्याच दिवशीं त्यास डॉक्टरांकडे न्यावें.