क्लचप्लेट, आळेफाटा

सकाळी ७.४५
शटर वर जायच्या आधीच पिकअप दारात उभी. ड्रायव्हर रात्री कल्याणहून सिमेंटचे पत्रे भरून माळशेज चढला. "इंजिन नुसतं रेस होतंय मिस्त्री, गाडी उचलत नाही." मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, गाडी तिसऱ्यात टाकली, क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. चालूच राहिलं. "गेली," एवढंच म्हणाले.

८.३०
चहा. मग गाडीखाली पोतं अंथरून मिस्त्री आणि पोऱ्या दोघंही आत. प्रोपेलर शाफ्टचे नट चौदाच्या पान्याने. एक गंजलाय, डिझेल मारून ठेवला. पोऱ्याला दिवसाचे ३५० मिळतात आणि गिअरबॉक्सचं ओलं ऑइल बहुतेक त्याच्याच बाहीत जातं.

१०.१०
गिअरबॉक्स जॅकवर खाली आला. बेलहाउसिंगमधून काळी भुकटी आणि जळका वास. प्रेशर प्लेटचे बोल्ट मिस्त्री समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करतात. एकाच बाजूने खोलले तर प्लेट वाकते. मग क्लचप्लेट हातात घेऊन अंगठा फिरवतात. लायनिंग रिव्हेटच्या डोक्याबरोबर आलंय. फ्लायव्हीलवर निळे डाग. क्रँकचं सील मात्र कोरडं आहे, तेवढंच नशीब. ते गळकं असतं तर नवी प्लेटही आठवड्यात तेलकट झाली असती.

११.००
आता खरा प्रश्न. जुन्याच प्लेटला नवं लायनिंग मारलं तर ११००. बाजारातला सेट ४६००. कंपनीचा ७२००. ड्रायव्हर पहिल्यावरच अडलाय. हप्ता पाच तारखेला, आज तीन.
"नुसती प्लेट बदलली तर?"
मिस्त्री जुन्या प्रेशर प्लेटची बोटं दाखवतात. टोकं घासून चकचकीत झालीत. "सहा महिन्यांत परत येशील दादा. मजुरी तेव्हाही अडीच हजारच घेणार मी."
ड्रायव्हर हसत नाही. वावरातून भरलेली गाडी चिखलात अर्ध्या क्लचवर काढावी लागते, हे दोघांनाही माहीत आहे. पासिंग दीड टनाचं. कॅरेट वीस किलोचं. आज रात्री एकशेदहा कॅरेट टोमॅटो वाशीला न्यायचेत. हिशोब कुणी मोठ्याने करत नाही.
शेवटी कंपनीचा सेट. दुकानदार ड्रायव्हरला उधार देत नाही, मिस्त्रींच्या नावावर देतो. मला हे जरा अन्यायाचं वाटलं, मिस्त्रींना नाही.

दुपारी १२.३०
फ्लायव्हील लेथवर. फेसिंगचे ४००. लेथवाला पातळ थर काढतो, डाग जाईपर्यंतच. तोवर डबा.

२.४५
बसवणं. मिस्त्री प्लेटची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे करतात आणि मध्ये जुन्या गिअरबॉक्सचा कापून ठेवलेला शाफ्ट घालतात. प्लेट केंद्रात बसली नाही तर गाडीच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. स्प्लाइनला बोटाच्या टोकाएवढंच ग्रीस. पोऱ्याने जास्त लावलं. मिस्त्रींनी फडक्याने पुसलं. "उडून प्लेटवर गेलं की सात हजार पाण्यात."

४.१५
गिअरबॉक्स चढेना. जॅक पाव इंच वर, पाव इंच खाली. पोऱ्या मागून शाफ्ट फिरवतो, मिस्त्री खांद्याने रेटतात. पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. मग 'खट्' झालं, आणि पहिला बोल्ट लगेच लागला.

५.४०
क्लचच्या लाइनमधली हवा काढली. पुन्हा तीच परीक्षा: हँडब्रेक, तिसरा गिअर. इंजिन धडपडून बंद. ड्रायव्हर फाट्यापर्यंत एक फेरी मारून येतो. पहिले काही दिवस क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस, मिस्त्री सांगतात. तो मान डोलावतो. रात्री घाट उतरायचाय.

६.१०
सेट ७२००, लेथ ४००, मजुरी २५००, गिअर ऑइल ६५०. एकूण १०,७५०. हातावर सहा हजार. बाकी आडत्याची पट्टी आल्यावर. वहीत सही नाही, फक्त गाडीचा नंबर. जुना सेट पोऱ्याने आधीच बाजूला ओढलाय. भंगारात निघतील ते पैसे त्याचे, असा इथला रिवाज. शेतकऱ्याचा फोन येतो: कॅरेट बांधावर आलेत, कुठवर आलास?