पडद्यावरचा रामपुरी आणि खिशातला चाकू

अंधारी गल्ली, पावसाने ओला झालेला रस्ता आणि भिंतीला टेकून उभा असलेला गुंड. त्याचा हात खिशात जातो, ‘खट्’ असा आवाज होतो आणि वीतभर लांबीचे पाते दिव्याच्या उजेडात चमकते. हिंदी चित्रपट पाहणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. पिस्तूल महाग, तलवार राजेरजवाड्यांच्या काळातली. पण खिशात मावणारा घडीचा चाकू कित्येक दशके खलनायकाच्या हाती शोभून दिसला. त्याचे नावही घरोघरी ठाऊक झाले. ते नाव म्हणजे रामपुरी.

पण पडद्यावर दिसतो तसा हा चाकू प्रत्यक्षात वागतो का? प्रश्न करमणुकीचा वाटेल, पण तो तेवढाच नाही. चित्रपटात चाकू लागल्यावर नायक जे करतो, तेच खऱ्या आयुष्यात कुणी केले, तर वाचू शकणारा जीवही जाऊ शकतो.

नवाबांच्या गावची कारागिरी

रामपूर हे उत्तर प्रदेशातले शहर. १९४९ साली भारतात विलीन होईपर्यंत ते नवाबांचे संस्थान होते. तिथल्या लोहारांनी घडवलेला चाकू गावाच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. एका बाजूला धार, साधारण ९ ते १२ इंच लांबीचे पाते आणि तेवढे पाते पोटात घेणारी लांबट मूठ, हे त्याचे खरे रूप. एवढी लांब मूठ शर्टाच्या खिशात लपत नाही, हे चित्रपटवाल्यांनी कधी फारसे मनावर घेतले नाही.

१९६५ साली आलेल्या यश चोप्रांच्या ‘वक्त’ या चित्रपटाने या चाकूला वेगळीच प्रतिष्ठा दिली. मदन पुरी चाकू काढतात आणि राजकुमार तो शांतपणे काढून घेऊन, ही मुलांच्या हातात देण्याची वस्तू नव्हे, असे सुनावतात. संवादाला टाळ्या पडल्या. पण त्यातला सल्ला मात्र फारच थोड्यांनी घेतला. चाकूची बदनामी वाढत गेली आणि १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पाती बनवण्यास बंदी घातली. पुष्कळ कारागिरांचा धंदा त्यामुळे बसला. २०२३ साली रामपूरमध्ये एका चौकात सुमारे २० फूट उंचीचा चाकू उभारण्यात आला. हातातला चाकू लहान झाला आणि चौकातला मोठा!

खटक्यामागचे यंत्र

घडीच्या चाकूचे पाते मुठीच्या टोकाशी एका खिळ्यावर फिरते. उघडलेले पाते जागच्या जागी कसे रोखले जाते, यावरून त्याचे प्रकार पडतात. बटणाच्या चाकूत स्प्रिंग पाते बाहेर फेकते. गरारीच्या चाकूत पात्याच्या बुडाशी दाते असतात. पाते हाताने उघडताना ते एकेक करून अडकतात आणि ‘कर्र कर्र’ असा आवाज येतो. चित्रपटात हा आवाज ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाढवून घातला जातो. इतका, की नायकाच्या आधी प्रेक्षकाच्याच अंगावर काटा यावा.

प्रत्यक्षात हे यंत्र नाजूक असते. खिशातला कचरा, धूळ आणि घाम मुठीच्या खाचेत साचतो, स्प्रिंग ढिली पडते आणि ऐन वेळी पाते अर्धवट उघडते. अर्धवट उघडलेले पाते अडकलेले नसते. जोर दिला की ते उलट फिरते आणि धरणाऱ्याच्याच बोटांवर मिटते.

पडद्यावर हाच चाकू भिरभिरत जाऊन दारात रुततो. खरा घडीचा चाकू असा फेकण्यासाठी बनलेलाच नसतो. त्याचे वजन बहुधा मुठीकडे असते, त्यामुळे तो टोकाने लागण्याऐवजी मुठीने आदळतो. दार उचकटायला किंवा कुलूप फोडायला वापरला, तर टोक मोडते किंवा खिळा सैल होतो. त्या खिळ्यावरच सारा चाकू उभा असतो.

आणखी एक गोष्ट चित्रपट कधी दाखवत नाही. तलवारीला हाताच्या रक्षणासाठी परज असते. साध्या घडीच्या चाकूला तसे काही नसते. जोराने वार करताना पाते कठीण जागी अडले, की घामाने किंवा रक्ताने ओली झालेली पकड सुटते आणि बोटे धारेवर सरकतात. न्यायवैद्यकशास्त्रात ही गोष्ट जुनीच आहे. हल्लेखोराच्या तळहातावरची जखम पुष्कळदा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

चाकूची उलटतपासणी

चाकू कसा धरतात, हे नीट दाखवणारे चित्रपट अगदीच नाहीत असे नाही. १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा अमेरिकन चित्रपट एका खोलीत बसलेल्या बारा ज्युरींची कथा सांगतो. खटक्याच्या चाकूने बापाचा खून केल्याचा आरोप एका मुलावर असतो. तो चाकू दुर्मीळ नाही, हे दाखवण्यासाठी एक ज्युरी तसाच दुसरा चाकू टेबलात रोवतो. गरीब वस्तीत वाढलेला दुसरा ज्युरी पुढे सांगतो, की असा चाकू सरावाने वापरणारा माणूस वार खालून वर करतो. कारण खटका दाबल्यावर पाते पुढच्या दिशेने उघडते. वरून खाली मारायचे तर पकड बदलावी लागते आणि त्यात वेळ जातो. मृताच्या छातीवरची जखम मात्र वरून खाली गेलेली असते. एवढ्याशा निरीक्षणाने मुलाच्या बाजूने शंका उभी राहते. बासू चटर्जींनी १९८६ साली याच कथेवर ‘एक रुका हुआ फैसला’ काढला.

पडद्याचा परिणाम कायद्यावरही होतो. अमेरिकेत १९५० साली एका महिला मासिकाने खटक्याच्या चाकूविरुद्ध लेख छापला, पुढे तरुण टोळ्यांच्या चित्रपटांतून हा चाकू सगळीकडे दिसू लागला आणि १९५८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने त्याच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. आपल्याकडेही शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र मानला जातो. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेले चाकू यातून वगळले आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि गरारीच्या चाकूंना आणखी कडक मर्यादा घातली, लांबी ७.६२ सें.मी. आणि रुंदी १.७२ सें.मी. झाली, की असा चाकू परवान्याच्या कक्षेत येतो. ‘शोभेचा आहे’ म्हणून जत्रेतून घेतलेला चाकू मुलाच्या दप्तरात सापडला, तर पोलीस चौकीची पायरी चढावी लागू शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

चाकू उपसू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चित्रपटात नायकाच्या पोटात किंवा खांद्यात चाकू घुसतो, तो दात-ओठ खात तो उपसतो आणि पुन्हा मारामारीला लागतो. चित्रीकरणात पाते रबराचे असते किंवा दाबले की मुठीत शिरणारे असते. खऱ्या जखमेत मात्र आत घुसलेले पातेच पुष्कळदा तुटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असते. ते उपसले, की बूच काढल्यासारखा रक्तस्राव सुरू होतो. बाहेर येता येता धार आणखी चिरत जाते, ते वेगळेच.

म्हणून प्रथमोपचाराचा नियम साधा आहे. जखमेत रुतलेली वस्तू काढू नये. तिच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ कापडाच्या घड्या ठेवून ती हलणार नाही असे बांधावे आणि दाब वस्तूवर न देता तिच्या भोवती द्यावा. जखमीला आडवे निजवून उबदार ठेवावे, खायला-प्यायला काही देऊ नये आणि ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागवावी. चाकू आधीच निघालेला असेल, तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून सतत दाबून धरावे. खोल जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरू नये. त्याने जखम नीट दिसत नाही आणि घाण आत राहते.

‘पोलीस केस आहे, आधी पोलिसांना बोलवा’ हा संवादही चित्रपटांनी आपल्या मनात पक्का बसवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले, की जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे. कागदोपत्री सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. त्यामुळे जखमीला जवळच्या रुग्णालयात नेताना कुणी कचरू नये.

तळहात किंवा अंगठा कापून रक्ताने भांग भरण्याच्या दृश्याचेही तसेच. बोटांत आणि तळहातात हालचालीचे कंडरे आणि स्पर्शाच्या नसा कातडीखाली अगदी जवळ असतात. प्रेमाच्या आवेशातली एक चीर बोट कायमचे बधिर किंवा वाकडे करू शकते. धनुर्वाताची भीती आणखी वेगळी.

प्रवासाच्या पिशवीतला सोबती

इतके सगळे असले, तरी घडीचा चाकू हा मुळात गुंडाचा नव्हे, घरादाराचा आहे. रेल्वेच्या प्रवासात पिशवीतून निघणारा आणि सगळ्या डब्याला पेरूच्या फोडी वाटणारा चाकूही घडीचाच असतो. फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा असाच चाकू बनवला. पाते बोटांवर मिटू नये म्हणून १९५५ साली त्याला फिरणारी कडी बसवण्यात आली. स्विस सैनिकांच्या चाकूत तर डबे उघडण्याचीही सोय होती.

घरी असा चाकू असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. कुलूप नसलेल्या चाकूने टोचण्याचे काम करू नये, फक्त कापावे. धार चांगली ठेवावी. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि ते निसटून हाताला लागते. फळे कापल्यावर पाते पुसून, कोरडे करूनच मिटावे आणि अधूनमधून खिळ्यावर तेलाचा थेंब सोडावा. दुसऱ्याला देताना मिटवूनच द्यावा. विमानाने जाताना तो हातातल्या सामानात चालत नाही, हेही विसरू नये.

मुले चित्रपट पाहणारच आणि पाहू द्यावेत. पण त्या ‘खट्’ आवाजानंतर त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली, की शेजारी बसलेल्या मोठ्यांनी एवढे जरूर सांगावे, की ते पाते रबराचे आहे, रक्त रंगाचे आहे आणि खरा चाकू लागला तर तो उपसायचा नसतो.